गुप्तवार्ता-खात्याचा प्रमुख घडतो कसा

जिल्ह्याचा कलेक्टर, हायकोर्टाचा न्यायाधीश किंवा लष्कराचा सेनापती यांचे अधिकार कोणत्या कायद्याने दिले, कोणत्या कायद्याने मर्यादित केले, आणि त्यांच्याकडून आगळीक घडली तर दाद कोठे मागावयाची, हे सामान्य नागरिकालाही थोड्या चौकशीअंती कळू शकते. देशांतर्गत सुरक्षेसाठी नेमलेल्या गुप्तवार्ता-खात्याच्या प्रमुखाची गोष्ट निराळी आहे. तो स्वतः कोणाला अटक करीत नाही, कोणावर खटला भरीत नाही, त्याच्या सहीचा हुकूम कोणाच्या दारावर डकवला जात नाही; परंतु राष्ट्राने कोणाविषयी संशय धरावा आणि कोणाविषयी निर्धास्त असावे, हे राज्यकर्त्याला दररोज सांगण्याचा अधिकार त्याच्याकडे असतो, आणि हा अधिकार कोणत्याही न्यायाधीशाच्या अधिकाराहून लहान नाही. अशा अधिकाऱ्याची चर्चा आपल्याकडे होते ती बहुधा त्याच्या चातुर्याच्या कथांपुरती, नाहीतर त्याच्या सचोटीविषयीच्या कुजबुजीपुरती. माझ्या मते त्याच्या स्वभावापेक्षा, ज्या वाटेने चालत तो त्या आसनापर्यंत पोहोचला ती वाट अधिक बारकाईने पाहिली पाहिजे. आपल्या देशात ती वाट परक्या सत्तेने प्रजेपासून स्वतःचे रक्षण व्हावे म्हणून आखली. स्वातंत्र्याने वाटसरू बदलले, वाट मात्र तीच राहिली. आणि ती नव्याने आखण्याचे काम संसदेच्या कायद्यावाचून दुसऱ्या कशानेही होणार नाही, असे माझे म्हणणे आहे.

१८८७ च्या डिसेंबरात विलायतेतील भारतमंत्र्याने ज्या मध्यवर्ती विशेष शाखेला मंजुरी दिली, ती ठगी व दरोडा खात्याच्या दप्तराला जोडून ठेवण्यात आली होती. म्हणजे राजकीय बातमी गोळा करण्याचे काम जन्मापासूनच ठग आणि दरोडेखोर यांच्या बंदोबस्ताच्या पंगतीला बसविले गेले. १८९७ च्या जून महिन्यात, बावीस तारखेच्या रात्री, पुण्यात गणेशखिंडीच्या रस्त्यावर चाफेकर बंधूंनी प्लेगाधिकारी रँड याच्यावर घाव घातला. पुढे फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखालील पोलीस कमिशनच्या शिफारशींनंतर, व्हाइसरॉय कर्झनच्या कारकीर्दीत, १९०४ साली गुन्हेविषयक गुप्तवार्तेचे मध्यवर्ती खाते उभे राहिले. १ जुलै १९०९ रोजी मदनलाल धिंग्रा याने लंडनमध्ये भारतमंत्र्याच्या कचेरीतील अधिकारी कर्झन वायली याचा वध केला. त्याच वर्षाच्या अखेरीस नाशिकच्या नाट्यगृहात अनंत कान्हेरे याने तेथील कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. आणि परदेशातील हिंदी तरुणांवर नजर ठेवण्यासाठी लंडनमध्ये जे दप्तर उघडले गेले, त्याच्या मुखत्यारीसाठी निवडला गेलेला जॉन वॉलिंजर हा मुंबई इलाख्याच्या पोलिसातील अंमलदार होता. नव्या खात्याची दृष्टी कोठल्या मातीत घडली हे यावरून दिसते. चळवळ करणारा हिंदी मनुष्य हा त्या दृष्टीचा प्रमुख विषय होता, आणि त्या विषयात प्रवीण होणे हीच त्या खात्यातील बढतीची पायरी होती.

या वाटेवरून सर्वांत दूरवर गेलेला मनुष्य म्हणजे सर डेव्हिड पेट्री. स्कॉटलंडमध्ये जन्मलेला हा गृहस्थ १९०० साली हिंदी पोलीस नोकरीत दाखल होऊन पंजाबात आला. १९१२ च्या डिसेंबरात दिल्लीच्या चांदणी चौकात व्हाइसरॉय हार्डिंग यांच्यावर बाँब पडला, तेव्हा त्याच्या तपासात तो होता. १९१४ च्या सप्टेंबरात, कॅनडाने परत लावलेल्या कोमागाटा मारू जहाजावरील प्रवाशांना कलकत्त्याजवळ बजबज येथे उतरवून सक्तीने पंजाबात धाडण्याचा जो प्रयत्न झाला आणि ज्यातून गोळीबार होऊन अनेक प्रवासी प्राणास मुकले, त्या धुमश्चक्रीत तो स्वतः जखमी झाला. महायुद्धाच्या काळात पूर्वेकडील देशांत हिंदी क्रांतिकारकांचा माग काढण्याची कामगिरी त्याच्याकडे होती. आणि १९२४ साली तो, त्या मध्यवर्ती खात्याचेच पुढले रूप असलेल्या इंटेलिजन्स ब्यूरोचा डायरेक्टर झाला. त्याच वर्षी कानपूरच्या कटाच्या खटल्यात साम्यवादी पुढारी श्रीपाद अमृत डांगे यांना शिक्षा झाली, आणि त्याच्याच कारकीर्दीत, १९२९ च्या मार्चमध्ये, मीरत कटाच्या नावाखाली देशभर ज्या अटका झाल्या त्यांत डांगे यांच्यासह घाटे, मिरजकर, जोगळेकर, निंबकर अशी मुंबईच्या गिरणी कामगारांत वावरणारी माणसे उचलली गेली. आदल्याच वर्षी मुंबईच्या गिरण्यांचा प्रचंड संप होऊन गेला होता, हे लक्षात घेतले म्हणजे मजुरीसाठी झगडणारा कामगार आणि राज्य उलथवू पाहणारा कटवाला यांच्यातली सीमारेषा त्या दप्तरात किती पुसट झाली होती ते कळते. पेट्रीने साम्यवादाच्या हिंदुस्थानातील हालचालींवर सरकारी उपयोगासाठी एक गोपनीय ग्रंथ सिद्ध केला होता. त्याचे परिश्रम आणि माहितीचा साठा नाकारण्याचे काही कारण नाही. पुढे १९३२ ते १९३६ पर्यंत तो लोकसेवा आयोगाचा अध्यक्ष होता. राज्याला संशयित कोण हे ज्याने सात वर्षे ठरविले, त्यानेच नंतर राज्याचे सेवक कोण व्हावेत हेही ठरविले.

आणि मग, निवृत्तीनंतर, १९४१ साली चर्चिलच्या सरकारने या वृद्ध पोलीस अधिकाऱ्याला बोलावून ब्रिटनच्याच अंतर्गत सुरक्षेच्या खात्याचे, म्हणजे एमआय फाइव्हचे, प्रमुखपद दिले. १९०९ पासून ते खाते चालविणारा व्हर्नन केल याला चर्चिलने आदल्या वर्षी दूर केले होते आणि खात्याची घडी पार विसकटली होती. पेट्रीने ती बसविली. जर्मनीने धाडलेले हेर पकडून त्यांच्याच तोंडून शत्रूला खोट्या बातम्या पुरविण्याचा जो अद्भुत व्यवहार युद्धकाळात ब्रिटनने केला, आणि नॉर्मंडीच्या किनाऱ्यावरील चढाईविषयी जर्मन सेनापतींना शेवटपर्यंत भ्रमात ठेवले, तो पेट्रीच्याच कारकीर्दीतला आहे. ब्रिटिश साम्यवाद्यांच्या पाळतीची बाडे तेथेही वाढतच होती, हे खरे. परंतु तेथील खात्याला अटकेचा अधिकार नव्हता, धरपकडीसाठी त्याला पोलिसांवर अवलंबून राहावे लागत होते, आणि त्याच्या वर जे मंत्री होते ते पार्लमेंटात बसणारे, मतदारांना तोंड दाखविणारे होते.

मनुष्य तोच होता, त्याचे अनुभवाचे गाठोडे तेच होते. दिल्लीत त्याच्या हातून जे घडले आणि लंडनमध्ये जे घडले यांत जो फरक पडला, तो त्याच्या नीतिमत्तेत एकाएकी झालेल्या उत्कर्षामुळे पडला असे कोणी म्हणणार नाही. तो फरक पदाच्या घडणीचा होता. पद कोणाला उत्तरदायी आहे आणि त्याचा विषय कोण, शत्रू की प्रजा, या गोष्टीचा होता. गुप्तवार्तेच्या खात्यासाठी ‘चांगला मनुष्य’ शोधण्यातच सगळी मसलत खर्ची घालणाऱ्यांनी हे उदाहरण मनात घोळवावे, असे मला कळकळीने वाटते.

१९४७ च्या सत्तांतरात शेवटच्या इंग्रज डायरेक्टरच्या जागी मद्रासकडील टी. जी. संजीवी आले. जाता जाता इंग्रजांनी पुष्कळशी दप्तरे जाळली होती, फाळणीने माणसे वाटली गेली होती, आणि दिल्ली निर्वासितांच्या लोंढ्याने भरली होती. अशा वेळी संजीवी यांच्याकडे ब्यूरोबरोबरच दिल्लीच्या पोलिसांचे इन्स्पेक्टर-जनरलपदही होते. २० जानेवारी १९४८ रोजी बिर्ला भवनात गांधीजींच्या प्रार्थनासभेजवळ स्फोट झाला, मदनलाल पाहवा जागच्या जागी पकडला गेला, आणि त्याच्या जबानीत पुण्याहून निघणाऱ्या एका मराठी पत्राच्या संपादकाकडे बोट दाखविणारा धागा आला. तो धागा पुण्यापर्यंत वेळेवर ओढला गेला नाही. दहाव्या दिवशी त्याच संपादकाने महात्माजींचा खून केला. या साऱ्या प्रकरणाची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती जीवनलाल कपूर यांच्या आयोगाने दिल्ली आणि मुंबई या दोन्ही ठिकाणच्या पोलीस यंत्रणेच्या शैथिल्यावर कठोर शब्दांत बोट ठेवले. पण हा आयोग नेमला गेला तो १९६६ च्या सुमारास, म्हणजे घटनेनंतर जवळजवळ अठरा वर्षांनी. राष्ट्रपित्याचे प्राण ज्या हलगर्जीमुळे गेले, तिचा जाब विचारण्याची नित्याची, आपोआप चालणारी अशी कोणतीही व्यवस्था या लोकशाहीजवळ नव्हती. महाराष्ट्रीय माणसाने तर ही गोष्ट विशेष गांभीर्याने घेतली पाहिजे. कारण खुनाचा कट रचणारी माणसे आपल्यातली होती, आणि ती सूचना जेथे पोहोचावयास हवी होती ते पोलीस दप्तरही आपल्याच इलाख्यातले होते.

संजीवी यांच्यामागून १९५० साली भोलानाथ मलिक डायरेक्टर झाले, आणि १९६४ पर्यंत राहिले. चौदा वर्षांचा हा काळ भारतीय गुप्तवार्तेच्या इतिहासातला निर्णायक काळ आहे. त्यांची निष्ठा, त्यांचे कष्ट आणि नेहरूंचा त्यांच्यावरील विश्वास यांविषयी मला आदर आहे. १९६३ च्या डिसेंबरअखेर श्रीनगरच्या हजरतबल दर्ग्यातून पवित्र केस नाहीसा होऊन काश्मीर पेटते की काय अशी वेळ आली, तेव्हा मलिक स्वतः श्रीनगरला जाऊन बसले आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तो परत मिळाला; एवढ्या एका कामगिरीसाठीही राष्ट्र त्यांचे ऋणी आहे. परंतु त्यांनी घालून दिलेला एक शिरस्ता नीट तपासला पाहिजे. पोलीस सेवेत नव्याने आलेल्या तरुणांतून हुशार माणसे लवकर हेरून ठेवावयाची, काही वर्षे राज्यात काढल्यावर त्यांना ब्यूरोत आणावयाचे, आणि मग बहुधा तेथेच त्यांचे सारे आयुष्य जावे, अशी ती योजना होती. तिने कसब वाढले, भाषा आणि प्रदेश जाणणारी माणसे तयार झाली. पण वरिष्ठांच्या पसंतीने आत आलेला आणि वरिष्ठांच्याच शेऱ्यावर वाढलेला अधिकारी वरिष्ठांच्या दृष्टीनेच जग पाहू लागतो. कोर्टात साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहण्याचा, गावच्या पंचांसमोर पंचनामा करण्याचा, आपले म्हणणे उघड्यावर सिद्ध करण्याचा पोलिसाचा जो नित्यक्रम असतो, त्यातून तो ऐन उमेदीत सुटतो. संशय सिद्ध करावा न लागता तो केवळ नोंदवून ठेवता येण्याची सवय त्याला जडते.

या सवयीचा एक दाखला २०१५ साली प्रसिद्धीस आला. नेताजी सुभाषचंद्र बोस यांच्या पुतण्यांवर, त्यांच्या पत्रव्यवहारावर, ब्यूरोने स्वातंत्र्यानंतरही सुमारे दोन दशके नजर ठेवली होती, असे खुल्या झालेल्या कागदपत्रांतून दिसले. हा हुकूम कोणी दिला याचा वाद राजकीय पक्षांनी पुष्कळ रंगविला. मला त्यात अधिक विदारक वाटते ती गोष्ट अशी, की असा हुकूम कोणी मुद्दाम द्यावा लागला असेलच असे नाही. इंग्रजांच्या काळी ज्या कुटुंबाची पत्रे फोडली जात, त्यांची पत्रे फोडण्याचे काम थांबविण्यास कोणी सांगितले नाही एवढेही पुरेसे होते. बाड चालू होते, ते चालू राहिले.

मलिक यांनी निवृत्तीनंतर नेहरूंच्या सहवासातील वर्षांवर तीन ग्रंथ लिहिले. ते १९७१-७२ च्या सुमारास बाहेर आले आणि त्यांतून चीनच्या आक्रमणाविषयी व काश्मीरविषयी पुष्कळ माहिती प्रथमच लोकांपुढे आली. ज्या प्रश्नांची उत्तरे मागण्याचा रीतसर मार्ग संसदेला नव्हता, त्यांची उत्तरे एका निवृत्त अधिकाऱ्याने आपल्या मर्जीने, आपल्या बाजूने, आपल्या निवडीने द्यावीत, ही स्थिती कोणत्याही विचारी माणसाला समाधानाची वाटू नये.

दीर्घ मुदतीचा धोका पाहावयाचा तर अमेरिकेकडे वळले पाहिजे. जॉन एडगर हूवर याने वॉशिंग्टनमध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये कारकुनी करीत रात्रीच्या वर्गात कायदा शिकून १९१७ साली न्याय-खात्यात प्रवेश केला. १९१९ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, जहाल मंडळींची यादी ठेवणाऱ्या विभागाचा तो प्रमुख झाला, आणि त्या यादीच्या आधारे झालेल्या सरसकट धरपकडींनी अमेरिकेत मोठी नाचक्की ओढवली. १९२४ साली ॲटर्नी जनरल हार्लन स्टोन याने त्याच्याकडे न्याय-खात्याचा तपास ब्यूरो, म्हणजे पुढचा एफ.बी.आय., सोपविला तो स्पष्ट बंधनावर, की यापुढे तपास होईल तो केवळ कायद्याच्या उल्लंघनाचा, कोणाच्या मतांचा नव्हे. हे बंधन मोडले कसे, ते ध्यानात ठेवण्यासारखे आहे: १९३६ च्या ऑगस्टमध्ये अध्यक्ष रूझवेल्ट यांनी फॅसिस्ट आणि साम्यवादी हालचालींची माहिती गोळा करण्यास त्याला खाजगीत, तोंडी सांगितले. लेखी बंधनावर तोंडी सवलतीने मात केली, आणि त्या सवलतीच्या पोटातून पुढे १९५६ ते १९७१ पर्यंतची ती गुप्त मोहीम निघाली, जिच्यात राजकीय संघटना फोडण्यासाठी निनावी पत्रे लिहिली गेली आणि मार्टिन ल्यूथर किंग यांच्यासारख्या पुरुषाला मानसिक यातना देऊन संपविण्याचा प्रयत्न झाला. सत्तराव्या वर्षी निवृत्त होण्याचा नियम अध्यक्ष जॉन्सन यांनी १९६४ मध्ये त्याच्यापुरता शिथिल केला, आणि १९७२ च्या मेमध्ये मरणानेच त्याला खुर्चीवरून उठविले. अठ्ठेचाळीस वर्षे! परंतु अमेरिकेचा मोठेपणा असा, की तिने हे प्रकरण हूवरच्या निंदेवर सोडून दिले नाही. सिनेटर चर्च यांच्या समितीने कागद बाहेर काढले, आणि १९७६ च्या कायद्याने ब्यूरोच्या प्रमुखाला दहा वर्षांची एकच मुदत ठरवून दिली. २०११ साली रॉबर्ट म्यूलर यांना दोन वर्षे अधिक ठेवण्याची गरज अध्यक्षांना वाटली, तेव्हा त्यासाठी काँग्रेसकडून स्वतंत्र कायदा करून घ्यावा लागला. मुदतीने सर्व साधते असे मात्र नाही. २०१७ साली जेम्स कोमी यांना चौथ्या वर्षीच बडतर्फ केले गेले.

ब्रिटनने दुसरी वाट धरली. स्टेला रिमिंग्टन ही जुन्या दप्तरांच्या जतनाचे शिक्षण घेतलेली बाई. पतीच्या नेमणुकीमुळे ती दिल्लीस आली, आणि १९६७ मध्ये तेथील ब्रिटिश हायकमिशनमधील एमआय फाइव्हच्या प्रतिनिधीला टंकलेखनात साह्य करण्यापासून तिची नोकरी सुरू झाली. ज्या दिल्लीत पेट्रीने राज्य केले, तेथेच, स्वतंत्र भारताशी संधान राखणाऱ्या एका लहानशा कचेरीत, पुढच्या एका प्रमुखाची सुरुवात व्हावी, हा योग विलक्षण म्हटला पाहिजे. त्या खात्यात स्त्रियांना तेव्हा अधिकाऱ्याचा दर्जा मिळत नसे. ती अट स्त्री-कर्मचाऱ्यांच्या तक्रारीनंतर सैल झाली, आणि १९९२ मध्ये रिमिंग्टन खात्याच्या पहिल्या स्त्री-प्रमुख झाल्या. नेमणुकीच्या वेळी नाव जाहीर झालेल्या त्या पहिल्याच प्रमुख होत. पण त्यांच्या आधी, १९८९ मध्ये, पार्लमेंटाने त्या खात्यासाठी कायदा केला होता. त्याआधी नागरी हक्कांसाठी झटणाऱ्या संस्थेतील दोन कार्यकर्त्या स्त्रियांवर पाळत ठेवल्याचे उघडकीस येऊन तो मामला युरोपीय मानवाधिकार आयोगापर्यंत गेला होता. १९९४ मध्ये पार्लमेंटाच्या सभासदांची देखरेख समितीही स्थापन झाली.

आपल्याकडे काय आहे? संविधानाच्या सातव्या परिशिष्टात, केंद्रसूचीच्या आठव्या नोंदीत, केंद्रीय गुप्तवार्ता आणि अन्वेषण ब्यूरो असा उल्लेख आहे. म्हणजे कायदा करण्याचा अधिकार संसदेला आहे, पण तो तिने वापरलेला नाही. १९८५ च्या एका कायद्याने गुप्तवार्ता-संस्थांतील नोकरांचे संघटनेचे हक्क मर्यादित केले. खात्याने काय करावे आणि काय करू नये हे त्यात नाही. २००५ चा माहिती अधिकार कायदा आला, तो या खात्याला जवळजवळ सर्वस्वी वगळून. सी.बी.आय.च्या प्रमुखाची निवड पंतप्रधान, लोकसभेतील विरोधी पक्षनेता आणि सरन्यायाधीश किंवा त्यांनी नेमलेला न्यायाधीश यांच्या समितीकडून होते. ब्यूरोचा डायरेक्टर मंत्रिमंडळाची नियुक्ती-समिती निवडते, आणि त्याची दोन वर्षांची मुदत ही नोकरीच्या नियमांतली गोष्ट आहे, जी सरकार स्वतःच वाढवू शकते आणि वाढवितेही. आणीबाणीनंतर शहा आयोगाने या खात्याच्या राजकीय वापराचे पुरावे नोंदविले, असा वापर रोखण्याचे उपाय सुचविण्यासाठी जनता सरकारने एल. पी. सिंग यांची समिती नेमली. तिच्या शिफारशी कायद्यात उतरल्या नाहीत.

या वाटेचे शेवटचे टोकही पाहिले पाहिजे. टी. व्ही. राजेश्वर, एम. के. नारायणन, ई. एस. एल. नरसिंहन हे निवृत्त डायरेक्टर पुढे राज्यपाल झाले. काँग्रेसच्या आणि इतरांच्याही राजवटीत अशा नेमणुका झाल्या आहेत. या व्यक्ती त्या पदांना अपात्र होत्या असे मी म्हणत नाही. कित्येकांच्या अनुभवाचा राष्ट्राला उपयोगच झाला असेल. परंतु ज्या मंत्र्याच्या विरोधकांविषयी आज अहवाल लिहावयाचा, त्याच्याच शिफारशीवर उद्याचे राजभवन अवलंबून असेल, तर अहवाल लिहिणाऱ्याच्या लेखणीवर एक अदृश्य भार पडतो, आणि तो भार सहन करण्याइतके धैर्य प्रत्येकात असावे अशी अपेक्षा राज्यव्यवस्थेने करता कामा नये. कौटिल्याने हेरांच्या बातमीचा विश्वास धरण्यापूर्वी, एकमेकांना न ओळखणाऱ्या तिघांची वार्ता जुळावी असे सांगितले. आपण मात्र त्या वार्तेचा सारांश काढणाऱ्या एका माणसाला, त्याच्या मालकाखेरीज दुसरा कोणी तपासील अशी सोय केलेली नाही.

यावर आक्षेप येईल तो गुप्ततेचा: संसदेच्या सभासदांपुढे हेरांची नावे गेली तर राष्ट्राचे काय होईल? आक्षेप गंभीर आहे आणि देशाच्या सीमेवरील आणि सीमेच्या आतील संकटे पाहता त्याला हसून टाळता येणार नाही. पण देखरेख समितीला हेराचे नाव लागत नाही. तिला लागते ते हे, की पाळत कोणत्या कारणासाठी आणि कोणाच्या लेखी परवानगीने ठेवली, ती किती काळ चालली आणि थांबविली कोणी. बोस कुटुंबाच्या बाबतीत वीस वर्षे हाच प्रश्न कोणी विचारला नाही, आणि १९४८ च्या जानेवारीत, उलट अर्थाने, धागा पुण्यापर्यंत का पोहोचला नाही हे विचारणारेही त्या वेळी कोणी नव्हते. कडक देखरेखीने खाते दुबळे होते हे म्हणणे या दुसऱ्या उदाहरणापुढे टिकत नाही. जाब विचारणारा नसल्याने खाते आंधळेही होते.

२०११ साली मनीष तिवारी यांनी गुप्तवार्ता-संस्थांचे अधिकार आणि नियमन यांविषयीचे खाजगी विधेयक लोकसभेत आणले होते. त्याचा कायदा झाला नाही. पुन्हा असे विधेयक यावयाचे तर त्यात डायरेक्टरची निवड विरोधी पक्षनेत्याचा समावेश असलेल्या समितीकडून व्हावी, मुदत वाढवावयाची तर संसदेला सकारण निवेदन द्यावे, प्रत्येक पाळतीला लेखी कारण आणि संपण्याची तारीख असावी, आणि निवृत्तीनंतर पाच वर्षे डायरेक्टरने केंद्राच्या नेमणुकीचे कोणतेही पद घेऊ नये, ही कलमे असावीत. आणि ते मांडण्याचा भार एखाद्या एकट्या सभासदावर न टाकता स्वतः गृहमंत्र्यांनी तो उचलावा.